डबलसीट, वर ज्वारीचं पोतं: मागचा शॉकअप कितव्या खाचेवर?

सासुरवाडी मंगळवेढ्याची असली की दरवर्षी एक फोन ठरलेला. रास झाली की सासरे म्हणतात, "जावईबापू, ज्वारी घेऊन जावा." मालदांडीला नाही कोण म्हणणार? तर एका रविवारी संध्याकाळी बायको मागे, कॅरिअरवर २० किलोचं पोतं आडवं आवळलेलं, आणि मी माझ्या १०० सीसीच्या गाडीवर सोलापूरकडे निघालो. अंतर साधारण ५५ किलोमीटर, हमरस्ता आता रुंद आणि चांगला. काळजी करावी असं काही नव्हतं.

बेगमपूरचा भीमेवरचा पूल ओलांडेपर्यंत हँडल विचित्र हलकं वाटायला लागलं. वळणावर गाडी मी म्हणेन तिथे न जाता जरा बाहेर बाहेर ओढत होती. अंधार पडला तसे समोरून येणारे सगळे डिपर मारायला लागले. माझा दिवा अप्परला नव्हता, दोनदा बटण दाबून खात्री केली. आणि पुढे एका गावातल्या गतिरोधकावर खालून 'खर्रर्र' झालं.

"अहो, काय घासलं?"

"स्टँड असेल."

"रोज नाही ते घासत."

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. मिस्त्री मागच्या चाकाशी उकिडवा बसला, शॉकअपच्या तळाशी असलेल्या गंजलेल्या कड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "अण्णा, हे कधी फिरवलं होतं का?" गाडी घेऊन सात वर्षं झाली होती. त्या कड्याला खाचा असतात, ते फिरतं, हेच मला माहीत नव्हतं. "हार्ड करू का मग?" असं विचारून त्यानं उत्तराची वाट न बघता पाना लावला.

मिस्त्रीनं जे केलं ते बरोबर होतं. जो शब्द वापरला तो मात्र चुकीचा, आणि सगळा घोळ त्या एका शब्दानं होतो. कडं फिरवल्यानं शॉकअप 'हार्ड' होत नाही.

स्प्रिंग आणि तेल

मागच्या शॉकअपमध्ये दोन स्वतंत्र गोष्टी काम करत असतात. बाहेरून दिसते ती स्प्रिंग. तिचं काम गाडीचं आणि आपलं वजन तोलून धरायचं. आत, नळीमध्ये, तेल आणि बारीक भोकं असलेली एक दट्ट्या असते. तिचं काम स्प्रिंगला आवरायचं. स्प्रिंग दाबून सोडली की ती उड्या मारत राहते. तेलाला भोकांतून जायला वेळ लागतो, त्यामुळे ती उडी तिथल्या तिथे मरते. या आवरण्याला डँपिंग म्हणतात.

साध्या गाड्यांत डँपिंग बदलता येत नाही. बदलता येतं ते फक्त स्प्रिंगचं कडं. म्हणून आधी त्याचंच बघू.

भंगारवाल्याकडचा लटकता स्प्रिंगकाटा आठवा. रद्दीचा गठ्ठा अडकवला की काटा खाली येतो. एक किलोला जेवढा खाली येतो, दोन किलोला त्याच्या दुप्पट. हा स्प्रिंगचा मूळ स्वभाव, रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७८ साली तो नियम म्हणून छापला. आता त्या काट्याला वर शून्य जुळवायचा स्क्रू असतो. तो फिरवला की काटा थोडा वर-खाली सरकतो. पण एक किलो आणि दोन किलो यांच्या खुणांमधलं अंतर बदलतं का? नाही. स्प्रिंग तीच, तिचा कडकपणा तोच. आपण फक्त सुरुवात कुठून करायची ते सरकवलं.

शॉकअपचं खाचांचं कडं म्हणजे हाच शून्याचा स्क्रू. ते फिरवलं की स्प्रिंग आधीपासूनच थोडी दाबून ठेवली जाते. याला प्रीलोड म्हणतात. आधीच दाबलेली असल्यामुळे तेवढ्याच वजनाला ती कमी बसते आणि गाडीचा मागचा भाग वर येतो. खड्ड्यात मात्र ती प्रत्येक जास्तीच्या किलोला पूर्वीइतकीच दबते. काही शॉकअपमध्ये स्प्रिंगची वेटोळी एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ असतात. तिथे हा हिशोब इतका सरळ राहत नाही, पण मुद्दा तोच.

मग पाचव्या, म्हणजे शेवटच्या, खाचेवर एकट्यानं चालवताना गाडी कडक का लागते? कारण मागचा भाग इतका वर येतो की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. खड्ड्यात चाक खाली उतरायला हवं, ते वरच अडकतं, आणि धक्का थेट कमरेला येतो. स्प्रिंग बिचारी तीच.

गाडी किती बसायला हवी

गाडी वजनानं अजिबात बसू नये असं अनेकांना वाटतं. उलट, थोडी बसलीच पाहिजे. चाकाला वर-खाली व्हायला एकूण जी जागा मिळते तिला ट्रॅव्हल म्हणतात. साध्या नियमानं बसल्यावर त्यातला साधारण एक तृतीयांश वापरला जावा. म्हणजे खड्ड्यात चाक खाली सोडायला एक हिस्सा राहतो आणि उंचवट्यावर चाक वर घ्यायला दोन हिस्से. बसण्याच्या या मापाला सॅग म्हणतात.

हिशोबाला सोपे आकडे घेतो. समजा मागच्या चाकाचं ट्रॅव्हल ९० मिलिमीटर आहे आणि चाकाशी मोजली तर स्प्रिंग दर २ किलोला १ मिलिमीटर दबते. मी एकटा बसलो की गाडी ३० मिलिमीटर बसते. छान, बरोबर एक तृतीयांश.

आता बायको बसली. मागे बसणाऱ्याचं वजन जवळजवळ सगळं मागच्याच चाकावर जातं. चालवणाऱ्याचं दोन्ही चाकांत वाटलं जातं, हा फरक फार कमी लोकांच्या लक्षात येतो. ६० किलोतले ५६ मागच्या चाकावर धरू. वर पोतं. ते २० किलोचं आहे, पण कॅरिअरवर, म्हणजे मागच्या आसाच्याही मागे. समजा ते आसापासून २५० मिलिमीटर मागे आहे आणि दोन चाकांमधलं अंतर १२५० मिलिमीटर. मग ते तराजूच्या दांडीसारखं वागतं: मागच्या चाकावर २० नाही, २४ किलो पडतात, आणि पुढच्या चाकावरून ४ किलो उचलले जातात. हँडल हलकं का झालं ते इथे कळतं.

५६ आणि २४ मिळून ८०. दर २ किलोला १ मिलिमीटर, म्हणजे गाडी आणखी ४० मिलिमीटर बसली. आधीचे ३० धरून ७०. ९० पैकी फक्त २० मिलिमीटर उरले, म्हणजे जेमतेम बोटाच्या जाडीएवढं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे चढ-उतार सौम्य. आपल्याकडे गावकऱ्यांनी रातोरात घातलेला तसा नसतो, हे सांगायला नको. २० मिलिमीटर तिथे क्षणात संपतात आणि शॉकअप तळाला आपटतो.

आता कडं दुसऱ्या खाचेवरून पाचव्यावर नेलं. एका खाचेला चाकाशी ४ मिलिमीटर मिळतात असं धरलं तर १२ मिलिमीटर परत आले. गाडी ७० ऐवजी ५८ वर, आणि उरलेली जागा २० ऐवजी ३२. हे थोडं वाटतं, पण २० चे ३२ म्हणजे दीडपटीहून जास्त. स्टँड घासणं बंद होण्यासाठी कित्येकदा एवढंच पुरतं.

पण ५८ म्हणजे एक तृतीयांश नव्हे, जवळजवळ दोन तृतीयांश. शेवटच्या खाचेवर नेऊनही गाडी हवी तिथे आली नाही. याचा अर्थ काय? वजनच जास्त झालं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये माणसं आणि सामान मिळून किती किलो चालतील तो आकडा असतो. १०० सीसीच्या गाड्यांत तो १३० किलोच्या आसपास असतो. मी ७०, बायको ६०. आकडा तिथेच भरला. पोतं हे पहिल्यापासून फुकटचं होतं.

(बायकोला हा हिशोब सांगितला तेव्हा तिनं विचारलं की ७० हा आकडा कोणत्या साली मोजलेला. मुद्दा रास्त होता.)

गाडी मागे बसली की पुढे काय बिघडतं

मागचा भाग ४० मिलिमीटर खाली गेला आणि चाकांमधलं अंतर १२५० असेल, तर अख्खी गाडी सुमारे पावणेदोन अंशांनी मागे कलते. पावणेदोन अंश ऐकायला काहीच नाही. पण हेडलाइटच्या झोतासाठी बघा: २५ मीटर पुढे तो झोत ८० सेंटिमीटर वर जातो. जो उजेड रस्त्यावर पडायचा तो समोरच्याच्या डोळ्यांत. लोक डिपर मारत होते ते शिष्टाचार म्हणून नव्हे.

हँडलचंही तसंच. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, उभ्या रेषेशी जेवढा कललेला असतो, तो कल कंपनीनं विचार करून ठरवलेला असतो. मागचा भाग बसला की फोर्क आणखी तिरका होतो, पुढचं चाक जणू पुढे ढकललं जातं. गाडी सरळ रेषेत हट्टी होते आणि वळायला आळशी. त्यात पुढच्या चाकावरचं वजन कमी झालेलं. नळदुर्गकडे जाताना मोठं वळण आलं की गाडी बाहेरच्या बाजूला सरकते, त्याचं कारण हे. चालवणारा घाबरून आणखी जोरात हँडल धरतो, पण मूळ दुखणं मागे असतं.

तुळजापूरला जाताना घाट चढून बालाघाटावर जावं लागतं. त्या चढावर हे आणखी जाणवतं, कारण चढावर वजन तसंही मागे सरकतं. डबलसीट, सामान, चढ, आणि वर पहिल्या गिअरला थ्रॉटल एकदम पिळला, तर पुढचं चाक जमिनीला नावापुरतंच टेकलेलं असतं.

कडं फिरवायचं कसं

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, माणूस आणि सामान उतरवून. मागचं चाक हवेत असू दे, म्हणजे स्प्रिंगवर कमीत कमी ताण राहतो. आधी कडं आणि त्याच्याभोवतीची जागा ब्रशनं साफ करा. आपल्याकडची काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते. गंज असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं चहा घ्या.

गाडीबरोबर आलेल्या हत्यारांच्या पिशवीत कोयत्यासारखा वाकडा, टोकाला आकडा असलेला एक पाना असतो. बहुतेकांनी तो कधी बाहेरच काढलेला नसतो. तो ह्याच कामाचा. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. छिन्नी आणि हातोडी नको. कड्याचे कंगोरे एकदा गोल झाले की पुढच्या वेळी पाना धरायलाच काही राहत नाही. पाना पूर्ण बसवून, अंगठा स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जाणार नाही असा हात ठेवून, एक एक खाच फिरवा. कडं वर चढून स्प्रिंग दबताना दिसली म्हणजे प्रीलोड वाढतोय. पहिल्या खाचेवरून थेट पाचव्यावर किंवा पाचव्यावरून उडी मारून पहिल्यावर जाऊ नका. ज्या वाटेनं वर गेलात त्याच वाटेनं एकेक खाच खाली या.

१०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना सहसा पाच खाचा असतात, रॉयल एनफील्डच्या नव्या क्लासिक ३५० ला सहा. मागे एकच शॉकअप असलेल्या काही मोठ्या गाड्यांत खाचा नसतात, आट्यांवर बसवलेली दोन गोल कडी असतात. एक सैल करायचं, दुसरं फिरवायचं, मग पहिलं पुन्हा आवळायचं. तिथे किती फेरे दिले ते लिहून ठेवा, कारण बघून कळत नाही.

आता मोजणी. यासाठी टेलरचा टेप आणि तीन माणसं पुरतात. चाक हवेत असताना मागच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या एका पक्क्या खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी चाकांवर उभी करा, दोघं जण सामानासकट जसं प्रवासात बसता तसं बसा, तिसऱ्यानं तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा सॅग. मोजण्याआधी दोन-तीनदा गाडी दाबून सोडा, नाहीतर रबरी बुश आणि सीलची पकड आकडा चुकवते. ट्रॅव्हल किती ते मॅन्युअलमध्ये बघा. जुन्या हिमालयन ४११ चं मागचं ट्रॅव्हल १८० मिलिमीटर आहे, माझ्या हिशोबातल्या गाडीच्या दुप्पट. म्हणून तेच पोतं तिला जाणवत नाही आणि आपल्याला जाणवते.

टेपची कटकट नको असेल त्यांनी एवढं करा: दोन खाचा वाढवा आणि ओळखीच्या गतिरोधकावरून जा. अजून आपटतंय तर आणखी एक.

आडवं बसलं तर डावा शॉकअप जास्त?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. आई किंवा मावशी नऊवारीत, दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून बसणार. मग काही गॅरेजमध्ये सल्ला मिळतो की डावा शॉकअप एक खाच वर ठेवा, उजवा तसाच. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे.

मागचं चाक ज्यात बसतं तो चिमटा अख्खा एकच तुकडा असतो. डावी बाजू खाली आणि उजवी वर असं त्याला होता येत नाही. दोन्ही बाजू एकत्रच वर-खाली होतात. दोन शॉकअपमध्ये वेगळा जोर दिला तर गाडी सरळ होत नाही, उलट चिमट्याला पीळ पडतो आणि त्याच्या बुशांवर एकतर्फी ताण येतो. दोन्हीकडे खाच सारखीच हवी. आडवं बसल्यानं जो तोल जातो तो चालवणारा न कळत स्वतः उजवीकडे कलून सांभाळतो. त्याला मदत करायची असेल तर बसणाऱ्याला शक्य तितकं मध्ये, तुमच्या पाठीला लागून बसवा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या माणसाला धरायला दांडी, पायाला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी असं सांगतो. गाडी स्पोर्टी दिसावी म्हणून जी साडीगार्ड काढून माळ्यावर टाकली जाते, ती हीच.

तेलाची बाजू

आता दुसरा भाग, आवरण्याचा. सोलापूरच्या आजूबाजूला काळी कसदार जमीन आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरून गेलेला आतला डांबरी रस्ता चार-दोन वर्षांत लाटांसारखा होतो. खड्डा एकही नसतो, पण गाडी होडीसारखी वर-खाली होत राहते.

एकटे असाल तर तेल या लाटांना पुरतं. वजन वाढलं की तेच तेल कमी पडतं, कारण आता त्याला जास्त वजन थोपवायचं असतं. मग एका लाटेची उडी संपायच्या आत दुसरी येते, दोन्ही जुळतात आणि मागचा माणूस सीटवरून उचलला जातो. प्रीलोड वाढवून हे जात नाही. साध्या गाडीवर उपाय एकच आहे आणि तो शॉकअपमध्ये नाही: वेग पाच-दहा किलोमीटरनं बदला. लाटांचा ताल आणि गाडीचा ताल वेगळा झाला की डोलणं मोडतं.

ज्यांच्या गाडीला रिबाउंडचा स्क्रू आहे, म्हणजे स्प्रिंग परत उसळताना तिला किती आवरायचं ते ठरवणारा, त्यांनी डबलसीट आणि सामानाला तो एक-दोन टिचक्यांनी वाढवावा. आधी स्क्रू पूर्ण आत नेऊन किती टिचक्या झाल्या ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं, म्हणजे परत कुठे यायचं ते कळतं. फार वाढवला तर उलटा प्रकार होतो. स्प्रिंग एका लाटेतून वर यायच्या आत पुढची लाट येते आणि गाडी पायरीपायरीनं खाली बसत जाते. त्यामुळे इथे जास्त म्हणजे चांगलं नाही.

शॉकअप मेला आहे की नाही, हे आधी बघावं. सीटच्या मागच्या भागावर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडा. गाडी वर येऊन गुमान थांबली पाहिजे. दोन-तीनदा डुलली तर तेल गेलंय. दांड्यावर धूळ चिकटून काळा चिकट थर झाला असेल तर गळतंय. अशा शॉकअपला पाचवी खाच म्हणजे मोडक्या पायाला नवा बूट. गॅस भरलेला शॉकअप दाबाखाली असतो, तो रस्त्याकडेच्या मिस्त्रीला उघडू देऊ नका. आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे तुकडे कोंबायचा जो स्वस्त उपाय सांगतात, त्यानं ती वेटोळी कामच करत नाहीत. उरलेल्यांवर सगळा भार येतो, ट्रॅव्हल कमी होतं. नको.

पुढच्या फोर्कला साध्या गाड्यांत फिरवायला काही नसतं, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही.

शॉकअपच्या आधी हवा

खरं तर हा भाग पहिला यायला हवा होता. बिनपैशाचा सगळ्यात मोठा फरक टायरच्या हवेनं पडतो. चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर एक स्टिकर असतो, त्यावर मागच्या टायरचे दोन आकडे असतात: एकट्यासाठी एक, डबलसीटसाठी वेगळा. दुसरा नेहमी जास्त. पंक्चरवाला मात्र विचारत नाही. सगळ्यांना ठोक एकच आकडा भरून मोकळा.

कमी हवेच्या टायरची बाजू चालताना जास्त वाकते, जास्त तापते. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर गेलेला असताना, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. अशा वेळी लोक घाबरून उलटं करतात: "उन्हाळा आहे, हवा कमीच ठेव, फुटेल." स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठीच असतो आणि तापल्यावर वाढणारा दाब त्यात धरलेला असतो. सकाळी थंड असताना ३६ पीएसआय भरलेला टायर ३० अंशांनी तापला तर साधारण ४१ दाखवतो. तो बरोबरच आहे. तिथे हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो ३१-३२ वर असेल, आणि त्यावर तुम्ही डबलसीट निघाल. हवा नेहमी निघण्यापूर्वी, टायर गार असताना बघायची.

पोतं कुठे

वजन जितकं आसाच्या मागे आणि जितकं उंच, तितकं ते स्वतःच्या वजनाहून जास्त वागतं. तेच २० किलो दोन पिशव्यांत वाटून सीटच्या दोन्ही बाजूंना, आसाच्या पुढे-मागे मध्यावर येतील असे लटकवले तर मागच्या चाकावर २४ ऐवजी २० च्या आसपास पडतात, आणि खाली असल्यामुळे वळताना गाडी लोळत नाही. पाच-सात किलो टाकीवरच्या पिशवीत गेले तर उत्तमच, कारण ते दोन्ही चाकांत वाटले जातात. हलकं आणि मोठं ते मागे-वर, जड आणि लहान ते पुढे-खाली. चादरींची बंडलं नेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एका सोलापुरी चादरीला वजन नसतं, दहा चादरींना असतं, आणि ती सगळी कॅरिअरवर उंच रचली जातात.

आवळताना लवचिक दोरीवर भरवसा ठेवू नका. ती प्रत्येक खड्ड्याला ताणते आणि पोतं स्वतःची वेगळी उडी मारतं. पट्टा असेल तर पट्टा, नाहीतर सुती दोरखंड.

आणखी दोन गोष्टी सामान चढवल्यावर बघायच्या. एक, चेन. चिमटा वर-खाली होताना चेनचा ताण बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा खिळा आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ असते, आणि भरलेली गाडी बसून त्या रेषेजवळच येते. रिकाम्या गाडीवर कुणी चेन टाइट करून दिली असेल, तर दोघं बसल्यावर ती तारेसारखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार टाकते. दोघं बसलेले असताना तिसऱ्यानं खालच्या बाजूनं चेन बोटानं दाबून बघायची. मॅन्युअलच्या मापात थोडी ढिली हवी. दोन, दिवा. भिंतीसमोर गाडी उभी करा, आधी एकट्यानं बसून झोत जिथे पडतो तिथे खडूची खूण करा, मग सामानासकट. वर गेला असेल तर हेडलाइटचा स्क्रू फिरवून खाली आणा. माझ्या गाडीच्या पाठीमागचं हे दुखणं मला समोरच्यांच्या डिपरनं कळलं, तुम्हाला खडूनं कळेल.

परवाच्या ज्वारीचं काय झालं ते सांगतो. पोतं सासऱ्यांनी ओळखीच्या टेम्पोतून पाठवलं. आम्ही दोघं चौथ्या खाचेवर, थंड टायरला स्टिकरवरचा डबलसीटचा आकडा भरून आलो. एकही डिपर नाही, बेगमपूरच्या पुलावर हँडल शांत. सोमवारी सकाळी मी एकटाच ऑफिसला निघालो, आणि सात रस्त्याजवळच्या खड्ड्यात मागून असा दणका बसला की तोंडातली सुपारी उडाली. चौथीवरून दुसरीवर आणायचं राहिलं होतं. आता सीटखाली पान्याला एक कागद गुंडाळलेला असतो: एकटा २, डबल ४. पोत्यापुढे काही लिहिलेलं नाही.